एका हँडीची कानउघाडणी: सांगलीच्या काकांना पत्र

काका,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "ते राहू दे, बॅटरी कशी चालतीय?" म्हणून विषय बदलता. पत्रात तशी सोय नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. नाव मात्र गाळलंय. दुकानात आधीच दुरुस्तीला आलेल्या टीव्हींमधून पाय ठेवायला जागा नसते, त्यात आणखी रेडिओचे हौशी लोक नकोत.

माझी ती जुनी जपानी हँडी, म्हणजे हातात धरायचा वायरलेस सेट, 144 ते 146 मेगाहर्ट्झच्या बाहेर काही ऐकायला तयार नव्हती. मला हवं होतं 137. तेव्हा 'नोआ' या अमेरिकी हवामान संस्थेचे उपग्रह 137.1, 137.62 आणि 137.9125 वर ढगांची चित्रं पाठवायचे. आमच्या तासगावात द्राक्ष आणि बेदाण्याच्या दिवसांत ढग दिसला तरी घरोघरी पोटात गोळा येतो. तेच ढग वरून बघणारा उपग्रह अकरावीच्या मुलांना ऐकवावा, एवढाच विचार होता. जिथं विचारलं तिथं "नवा सेट घ्या" हेच उत्तर मिळालं. तुम्ही म्हणालात, "आधी लायसन्स दाखवा." हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स बघितलं, परत दिलं आणि मगच स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला. मला तिथंच तुमच्यावर भरवसा बसला.

पुढचा तास म्हणजे माझ्यासारख्या फिजिक्सच्या मास्तरालाच शिकवणी होती. कंपनी बोर्ड एकच बनवते, तुम्ही सांगत होता; युरोपात विकायचा तर 144 ते 146, अमेरिकेत 144 ते 148, आणि हा फरक ठरवतात बोर्डावरचे दोन-चार डायोड, नाहीतर शून्य ओहमचे रेझिस्टन्स. सेट चालू होताना प्रोसेसर ते वाचतो आणि आपण कुठल्या देशातले, हे समजून घेतो. आपल्याला काढायचा होता तो तुकडा तिळाएवढा. तुम्ही बॅटरी काढली, सोल्डरिंग आयर्नचं अर्थिंग मीटरवर तपासलं, थोडा फ्लक्स लावला आणि भिंगाखाली दोन्ही टोकं गरम करून तो तुकडा चिमट्यानं अलगद उचलला. फेकला नाही. सेलोटेपनं झाकणाच्या आत चिकटवून ठेवलात, "पुढं कुणाला परत बसवायचा असला तर शोधत बसायला नको." त्याआधी सगळे चॅनेल वहीत उतरवून घ्यायला लावले होते, कारण रीसेट केला की मेमरी कोरी होते. ही गोष्ट किती जणांना नंतर कळत असेल!

पण खरं शिकलो ते त्यानंतर. आकडा 137 दिसायला लागला तसा मी खूश. तुम्ही सिग्नल जनरेटर लावून माझा आनंद जरा कमी केलात. 145 वर अगदी बारीक सिग्नलही स्वच्छ ऐकू येत होता. 137 वर तेवढ्याच ताकदीचा सिग्नल खरखरीत बुडाला. कुलूप प्रोसेसरचं असतं, पण अँटेनाकडच्या पहिल्या टप्प्यातले फिल्टर 145 साठी जुळवलेले, ते डायोड काढून बदलत नाहीत. आणखी खाली नेल्यावर एका जागी पीएलएलचं, म्हणजे फ्रिक्वेन्सी धरून ठेवणाऱ्या सर्किटचं, लॉकच सुटलं. विमानांचं बोलणं ऐकू येईल का, हेही मी विचारलं होतं. तर ती बोलतात 118 ते 137 च्या पट्ट्यात, आणि एएमवर. आपला सेट एफएमचा, म्हणजे पट्टा उघडला तरी शब्द धड लागायचे नाहीत. रेंज वाढवून मिळेल असं सांगणारे पुष्कळ असतात. किती आणि कशी मिळेल हे मोजून दाखवणारा माणूस मला एकच भेटला.

आणि मग तो नकार. त्या बोर्डावर दोन जागा होत्या: एकीनं फक्त रिसीव्ह उघडतो, दुसरीनं ट्रान्समिटही. मी विचारलं, दोन्ही करून टाकू का? तुम्ही भिंग खाली ठेवलं. "कान उघडून देतो मास्तर, तोंडाला कुलूप राहू दे." मग 2019 चा पूर काढलात. आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलेलं, आणि हॅमच्या पट्ट्याबाहेर ज्यांची वायरलेस चालते त्यांचा एकेक निरोप मोलाचा. एफएममध्ये जवळचा जोरकस सिग्नल दूरच्या कमजोराला पुरता झाकून टाकतो. खिशात चुकून दाबलेला पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, आणि बोटीवरच्या माणसाचं बोलणं कुणालाच ऐकू जात नाही. कायद्याचं कलम सांगितलं असतंत तर मी कदाचित हुज्जत घातली असती. यावर काय बोलणार?

अँटेना तुम्ही सांगितली तशीच केली: अॅल्युमिनियमच्या दोन सळ्या, प्रत्येकी सुमारे 53 सेंटिमीटर, मध्ये 120 अंशांचा कोन, जमिनीला समांतर, उत्तर-दक्षिण रोखून. शाळेच्या गच्चीवर टिकटिक ऐकू आली तेव्हा पोरांनी जो गलका केला, त्यात अर्धा पास, म्हणजे उपग्रह डोक्यावरून जातो तो वेळ, वाहून गेला. चित्रही उतरलं. पांढरे ढग मात्र फाटलेले, कारण तो सिग्नल साधारण 34 किलोहर्ट्झ रुंद आणि हँडीचा फिल्टर त्याच्या निम्म्याहून कमी. तुम्ही हेही आधीच सांगून ठेवलं होतं. कोकणचा किनारा ओळखू येत होता, आम्हाला तेवढं पुरलं.

ते तिन्ही उपग्रह 2025 च्या जून ते ऑगस्टमध्ये बंद केले. रशियाचे 'मेटिऑर' 137 वर आहेत, पण डिजिटल. हँडीतून नुसती खरखर. मुलांना आता अंतराळ स्थानकाचं 145.800 ऐकवतो, त्याला तुमच्या कारागिरीची गरजच नाही. तरी झाकण उघडून तो टेपखालचा तुकडा दरवर्षी नव्या वर्गाला दाखवतो, आणि नकाराची गोष्टही सांगतो.

दिवाळीनंतर येतोय. काकूंसाठी बेदाणा आणतो, हिरवा, त्यांना आवडतो तो. आणि व्हॉल्यूमचं बटण फिरवताना कुरकुरतंय, कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा काढून ठेवा. पैसे घ्यावे लागतील या खेपेला.

आपला,
तासगावचा मास्तर