सूचना : स्मोकीच्या ओढ्यांवर ट्राउट मासे धरायला जाताना

सर्व सभासदांनी नोंद घ्यावी. ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात टेनेसी किंवा नॉर्थ कॅरोलिना, कुठल्याही एका राज्याचा परवाना चालतो. तो खिशात हवाच. गांडुळं आणू नका, आमिषाला बंदी आहे. एका गळाची कृत्रिम माशीच (गळावर बांधलेला खोटा किडा) वापरा.

थर्मामीटर मात्र विसरू नका. पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ट्राउटला धाप लागते. सोडलेला मासाही नंतर दगावू शकतो. अशा वेळी दोरी गुंडाळून घ्या. ब्रूक ट्राउट हा या डोंगरांतला एकमेव मूळचा ट्राउट, त्याच्यासाठी एवढं कराच. धरण्याआधी हात ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.

ओढ्यातले दगडही हलवू नयेत. मोठ्या दगडांखाली हेलबेंडर सॅलॅमँडरची (पालीसारखा दिसणारा, पाण्यात राहणारा मोठा उभयचर) अंडी असतात.