वित्तमंत्री साहेब, बाबांचा अंगठा आणि माजी आमदारांची पेन्शन

मा. वित्तमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी भांडुपला राहते, नरिमन पॉइंटला एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्स बघते, एकोणीस वर्षं झाली. अधिवेशन सुरू असलं की विधानभवनाच्या भोवती बॅरिकेड लागतात, बस वळवतात, मग सीएसएमटीवरून चालतच यावं लागतं. त्याची तक्रार नाही. पण त्या इमारतीवरून जाताना दरवेळी डोक्यात एक हिशोब सुरू होतो आणि गेली काही वर्षं तो काही केल्या जुळत नाहीये, म्हणून हे पत्र.

आधी माझ्या बाबांचं सांगते. बाबा टर्नर. एलबीएस रोडवरच्या एका कंपनीत ३३ वर्षं लेथवर उभे होते, २०१२ ला रिटायर झाले. आता ७१ वर्षांचे आहेत. त्यांना ईपीएस ९५ ची, म्हणजे पीएफ भरणाऱ्या कामगारांसाठीच्या केंद्राच्या योजनेची पेन्शन मिळते, महिन्याला २,१४० रुपये. मी शून्य विसरलेली नाही साहेब, दोन हजार एकशे चाळीस.

ती चालू राहायची तर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. मागच्या नोव्हेंबरात मी हाफ डे टाकून त्यांना घेऊन गेले. रांगेत सगळे बाबांच्याच वयाचे, कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद. नंबर आला, बाबांनी अंगठा ठेवला, मशीनने घेतला नाही. परत ठेवला, परत नाही. तिथला मुलगा चांगला होता, म्हणाला आजोबा अंगठा जरा केसांना घासा, तेल लागलं की येतो. बाबांनी घासला. नाही आला. रुमालाने पुसला, ओला केला, उजवा झाला, डावा झाला. तेहतीस वर्षं कूलंटमध्ये हात, लोखंडाचा चुरा, किसलेल्या कडा, बोटांवरच्या रेषाच राहिलेल्या नाहीत त्यांच्या. शेवटी डाव्या हाताचं करंगळीच्या बाजूचं, अंगठी घालायचं बोट लागलं आणि हिरवा लाइट पेटला. घरी येताना रिक्षात बाबा एक शब्द बोलले नाहीत, नुसते स्वतःचा अंगठा बघत होते.

हे सगळं महिन्याच्या २,१४० रुपयांसाठी.

आता दुसरी बाजू. आपल्या राज्यात जो माणूस आमदार होतो, विधानसभेचा असो की विधान परिषदेचा, त्याला पद गेल्यावर महिन्याला ५०,००० रुपये पेन्शन आहे. २०१६ च्या पावसाळी अधिवेशनात ती ४० हजारांची ५० हजार झाली. पाच वर्षांच्या वर जितकी वर्षं आमदारकी केली तितक्या प्रत्येक वर्षाचे आणखी २,०००. म्हणजे चार टर्म केलेला माणूस धरा, २० वर्षं, पन्नास हजार अधिक पंधरा दुणे तीस, झाले ८०,०००. यासाठी त्याने आमदार असताना पगारातून एक रुपयाही भरलेला नसतो. वयाची अट नाही. पंचविसाव्या वर्षी आमदार होता येतं, तिशीत हरला तरी पेन्शन सुरू, घरी जमीन किती, बिल्डिंगी किती, पंप किती, कुणी विचारत नाही.

आणि आमचं सूत्र काय आहे ते सांगते, कारण मी दिवसभर हेच करते, दुसऱ्यांच्या पीएफची चलनं भरते. ईपीएसमध्ये पेन्शनयोग्य पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. पगार तुमचा कितीही असो, पकडायचा जास्तीत जास्त १५,०००, आणि बाबांच्या वेळी तर ६,५०० च होता. त्या पंधरा हजारावर, लांब नोकरीबद्दल जास्तीची मिळतात ती बोनसची दोन वर्षं धरून, ३५ वर्षं भरली तर येतात साडेसात हजार. म्हणजे एखादा मुलगा आज कारखान्यात लागला, आयुष्यभर एक महिना न चुकवता मालकाच्या हिश्श्यातून पगाराचे ८.३३ टक्के तिकडे जात राहिले, तर अठ्ठावन्नाव्या वर्षी या सूत्राने त्याच्या हातात जे येईल त्याच्या साडेसहा पटीहून जास्त पैसे एक टर्म आमदार राहिलेल्या माणसाला लगेच सुरू होतात. किमान पेन्शन १,००० रुपये, ती सप्टेंबर २०१४ ला ठरली. ती ७,५०० करा म्हणून बुलढाण्यापासून दिल्लीपर्यंत म्हातारी माणसं उपोषणाला बसली.

मला माहितीय की ईपीएस केंद्राचा विषय आहे, तुमचा नाही. पण केंद्रातही तेच बघा ना. माजी खासदारांची पेन्शन २०१० ला २०,००० झाली, २०१८ ला २५,०००, आणि मार्च २०२५ मध्ये नोटिफिकेशन काढून ३१,०००, तीही १ एप्रिल २०२३ पासून मागे जाऊन लागू, म्हणजे एरियर्स सकट. महागाईच्या निर्देशांकाशी जोडलीय, दर पाच वर्षांनी आपोआप वाढते, मागायलाही लागत नाही. महागाई खासदाराला लागते तशीच भांडुपच्या टर्नरला पण लागते हो.

माझा मावसभाऊ झेडपीच्या शाळेत मास्तर आहे, २००७ ला लागला. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन, म्हणजे पगारातून काही न कापता मिळणारी, नाही म्हणून त्यालाही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात सभागृहात सांगितलं गेलं की जुनी पेन्शन दिली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल, राज्य दिवाळखोरीत जाईल. मग मार्च २०२३ चा तो संप झाला, १४ ते २० मार्च, 'एकच मिशन जुनी पेन्शन'. भाऊ पण होता त्यात, तेव्हा आमच्याकडे फोन करून म्हणाला, ताई, आम्हाला देताना तिजोरीत खडखडाट आहे, मग ज्यांनी हे सांगितलं त्यांचं पेन्शन कुठल्या तिजोरीतून येतं? मला उत्तर देता आलं नाही. नंतर २०२४ ला सरकारने सुधारित पेन्शन योजना आणली, चांगलं केलं, पण त्यातही कर्मचाऱ्याच्या पगारातून दर महिन्याला १० टक्के कापले जातातच. त्याने भरायचं आणि तुम्ही नाही भरायचं, हे कशाच्या जोरावर?

आता तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल, बाई, राज्याचं बजेट किती आणि हे किती, शंभर आमदार माजी झाले तरी वर्षाला सहा कोटी, त्याने काय होणारे. मान्य. २०२५-२६ चं बजेट सात लाख कोटींचं होतं आणि महसुली तूट ४५,८९१ कोटी, आमदारांची पेन्शन बंद केल्याने ती तूट भरणार नाही हे मला पण कळतं. पण आमच्या ऑफिसात एखाद्या मालकाने स्वतःच्या नावाने व्हाउचर बनवलं, स्वतःच पास केलं, स्वतःच पैसे उचलले, तर रक्कम दोन हजार असली तरी ऑडिटर त्यावर लाल पेनने गोल करतो. रक्कम छोटी म्हणून तो सोडत नाही. इथे तेच झालंय. राज्यघटनेच्या कलम १९५ मध्ये आमदारांचे पगार आणि भत्ते विधिमंडळाने ठरवायचे असं आहे, पेन्शन हा शब्दसुद्धा त्यात नाही. १९७६ ला आपल्या राज्यात पेन्शनचा कायदा केला तो आमदारांनी, वाढवत नेला तो आमदारांनी, घेतात ते आमदार. खासदारांच्या पेन्शनविरुद्ध लोक सुप्रीम कोर्टात गेले होते, एप्रिल २०१८ मध्ये कोर्टाने याचिका फेटाळली, हा संसदेने ठरवायचा विषय आहे म्हणून. म्हणजे कोर्ट तुमच्याकडे बोट दाखवतं आणि तुमच्याकडे आलं की सगळे पक्ष एक होतात. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे या एका विधेयकाला सगळे हात वर करतात, हे टीव्हीवर बघून आमच्यासारख्यांना काय वाटतं याची कल्पना आहे का तुम्हाला?

मी पेन्शनच्या विरोधात नाही. हे नीट सांगायला पाहिजे, नाहीतर माझ्या म्हणण्याचा वेगळाच अर्थ निघेल. गणपतराव देशमुखांसारखा माणूस, सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आले, एसटीने फिरले, २०२१ ला गेले तेव्हा विरोधक पण रडले. असा माणूस म्हातारपणी कुणाच्या दारात उभा राहू नये, त्याच्या औषधपाण्याची सोय सरकारने केलीच पाहिजे, त्यासाठी माझ्या पगारातून टॅक्स जातो त्याचं मला काही वाटत नाही. आजपण एखादी आदिवासी भागातली बाई आमदार होते, पाच वर्षं घरदार सोडून फिरते, हरते, परत शेतावर जाते. तिला द्या. पन्नास नाही साठ द्या. पण २०२४ ला निवडून आलेल्या आमदारांपैकी २८६ जणांची प्रतिज्ञापत्रं एडीआर या निवडणुकांवर नजर ठेवणाऱ्या संस्थेने तपासली तर २७७ कोट्यधीश निघाले. हे त्यांनीच स्वतःच्या सहीने लिहून दिलंय. त्या २७७ जणांना म्हातारपणाची कसली भीती आहे?

आणि भीती ज्यांना आहे त्यांचं बघा. श्रावणबाळ योजनेत, संजय गांधी निराधार योजनेत बहुतेकांना महिन्याला १,५०० मिळतात, २०२३ पर्यंत तर हजारच होते. त्यासाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत पाहिजे. २१ हजार भागिले १२ म्हणजे महिना १,७५०. माझ्या बाबांचे २,१४० गुणिले १२ झाले २५,६८०, म्हणजे ते मी सोडून एकटे जरी राहत असते तरी बसले नसते त्यात. सरकारच्या कागदावर महिन्याला १,७५० च्या वर मिळवणारा म्हातारा निराधार नसतो, आणि ४० कोटींचा बंगला असलेला माजी आमदार पन्नास हजारांच्या पेन्शनला पात्र असतो. हे दोन्ही नियम एकाच राज्याचे आहेत साहेब आणि दोन्हीसाठी पैसे तुमच्याच खात्यातून जातात. मला हे सहन होत नाही, खरंच होत नाही.

मग काय करायचं म्हणाल तर अवघड असं काहीच मागत नाहीये. गुजरातमध्ये माजी आमदारांना पेन्शनच नाही, तिथे काही राजकारण बंद पडलेलं नाही. पंजाबात आधी जितक्या टर्म तितक्या पेन्शनी असायच्या, २०२२ मध्ये कायदा बदलून एक आमदार एक पेन्शन केलं. हिमाचलच्या विधानसभेने सप्टेंबर २०२४ ला पक्षांतरबंदी कायद्याखाली अपात्र ठरलेल्याची पेन्शन बंद करायचं विधेयक मंजूर केलं, आपल्याकडे गेल्या काही वर्षांत जे चाललंय ते बघता याचा विचार सगळ्यात आधी महाराष्ट्राने करायला हवा होता. ब्रिटनमध्ये २००९ ला खासदारांच्या खर्चाचा घोटाळा निघाला, त्यानंतर त्यांचा पगार आणि पेन्शन ठरवायचं काम वेगळ्या स्वतंत्र संस्थेकडे दिलं, आणि तिथले खासदार पेन्शनसाठी स्वतःच्या पगारातून हप्ता भरतात.

तुम्ही एवढं करा. साठीनंतरच पेन्शन. आमदार असताना पगारातून १० टक्के कापा, माझ्या भावाचे कापता तसे. इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये ठरावीक आकड्याच्या वर उत्पन्न असेल तर पेन्शन नाही. आमदारकीची वेगळी आणि खासदारकीची वेगळी, अशा दोन घेणाऱ्याने एक निवडावी. आणि पुढची वाढ ठरवायची तर आमदारांनी नाही, एखादे निवृत्त न्यायाधीश, एखादा अर्थशास्त्राचा माणूस, एखादा कामगार प्रतिनिधी बसवून त्यांना ठरवू दे. दरवर्षी कुणाला किती दिली त्याची यादी वेबसाइटवर टाका, आम्हाला माहिती अधिकारात अर्ज करत बसायला लावू नका. आणि त्याच अधिवेशनात ईपीएसची किमान पेन्शन वाढवा असा एक ओळीचा ठराव करून दिल्लीला पाठवा आणि निराधार योजनेची ती २१ हजारांची अट बदला, ती तर पूर्ण तुमच्या हातात आहे, त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही.

हे पत्र मी मंत्रालयात टपालाच्या खिडकीवर पण देणार आहे, पोच घेऊन. लिहिताना बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले अंगठ्याचं कशाला लिहिलंस, लाज वाटते. मी ते काढलं नाही. उत्तर पाठवलंत तर मराठीत आणि जरा मोठ्या अक्षरात पाठवा, बाबांना स्वतः वाचायचंय.

आपली,
भांडुपची एक अकाउंटंट