तारपा आहे तो, पुंगी नव्हे

मा. संपादक, नमस्कार,

दिवाळीच्या सुट्टीत बाबांना घेऊन एका म्युझियमला गेलो होतो, नाव मुद्दाम लिहीत नाही. वाद्यांच्या दालनात काचेमागे एक भोपळा, त्याला बांबूच्या दोन नळ्या आणि खाली पाटी, 'पुंगी, आदिवासी'. बस. ना गावाचं नाव, ना बनवणाऱ्याचं. आम्ही जव्हारकडचे, बाबा काचेला नाक लावून बघत राहिले आणि म्हणाले, अरे हा तारपा आहे, याचा कर्णा गेलाय!

कर्णा म्हणजे ताडाची पानं गुंडाळत गुंडाळत केलेलं पुढचं रुंद तोंड. ते तुटलं की उरलेलं दुरून पुंगीसारखं दिसतं हे मान्य, दोन्हीत सुकवलेला भोपळा, दोन नळ्या, आत बांबूचीच चिरून काढलेली जीभ आणि सांधे मेणाने बंद केलेले. पण म्हणून काय झालं? तारपा गारुड्याच्या टोपलीपुढे वाजत नाही हो, भाताची कापणी झाली की रात्री अंगणात वाजतो, तारपकरी मध्ये आणि बाकीचे एकमेकांच्या कमरेला धरून त्याच्याभोवती, त्याने चाल बदलली की सगळ्यांचे पाय बदलतात आणि त्याला पाठ दाखवायची नसते. शिवाय सूर तुटू द्यायचा नाही, म्हणजे नाकाने श्वास घेत असतानाच गालातली हवा सोडत राहायची. बाबांनी लहानपणी करून बघितलेलं, पाच मिनिटांत गाल भरून आले म्हणे.

जिव्या सोमा म्हसेंच्या वारली चित्रांतल्या गोल नाचात मधोमध हाच तर असतो. आज ती नक्षी कपांवर, कुर्त्यांवर, मॉलच्या भिंतीवर सगळीकडे आहे, आणि म्युझियमवाल्यांना खरा तारपा ओळखू येईना!

काउंटरवर सांगितलं तर म्हणे लेखी द्या. दिलं, तीन महिने झाले, उत्तर नाही. त्यात 2026 च्या पद्मश्रींमध्ये जव्हारजवळच्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचं नाव आलं. म्हणजे जाणकार माणसं आहेत, विचारायची तयारी हवी. आमच्या भागातल्या एखाद्या तारपकऱ्याला मानधन देऊन बोलवा, पाटी त्याच्याकडून तपासून घ्या, जुन्याला काही चिकटवू नका, कर्ण्यासकट नवा करवून शेजारी ठेवा, आणि एक क्यूआर कोड लावा म्हणजे मोबाईलवर आवाज तरी ऐकू येईल.

बाबा म्हणतात पाटी बदलली की परत येईन, तेव्हा तिकीट माझ्याकडून.

– एक वाचक, जि. पालघर