आमच्या अंगणवाडीच्या ताईंना जाहीर आभारपत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये आमची लेक जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला जाणार. जन्माचा दाखला, आधार, दिव्यांगत्वाचं स्वावलंबन कार्ड, सगळं शाळेत देऊन झालं. अंगणवाडीच्या पटावरचं तिचं नाव आता निघेल, म्हणून हे पत्र. समोर बोलायला गेलं की तुम्ही "अहो, ते माझं कामच आहे" म्हणून विषय बदलता. म्हणून चार लोकांसमोर लिहितेय. तुमचं काम होतं हे खरंच. पण त्या कामासाठी तुम्ही जी माणसं एकत्र आणलीत, त्याची नोंद कुठल्या रजिस्टरला नाही की अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपवर नाही.

ज्यांना आम्ही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आम्ही सिन्नर तालुक्यातले. लेक सातव्या महिन्यात झाली. पुढे कळलं की सेरेब्रल पाल्सी आहे, दोन्ही पायांचे स्नायू ताठ राहतात. समज चांगली, बोलणं जरा सावकाश, पण गप्पा मारायला फार आवडतं. तीन वर्षांची झाल्यावर एका खासगी बालवाडीत घेऊन गेलो होतो. "बाकीचे पालक तक्रार करतात, तुम्ही स्पेशल शाळा बघा," असं सांगून त्यांनी परत पाठवलं. तशी शाळा आमच्या पंचक्रोशीत कुठे आहे, हे मात्र त्यांनाही सांगता आलं नाही. त्यानंतर लेक घरीच होती, सासूबाईंजवळ ओट्यावर.

तुम्ही सर्वेक्षणाला आलात तेव्हा ती पाय मागे फाकवून बसलेली होती. तुम्ही तिच्यासमोर फरशीवर बसलात आणि बराच वेळ नुसतं बघत राहिलात. मग मला म्हणालात, "हिचे दोन्ही हात जमिनीला टेकलेत बघा. पडू नये म्हणून टेकवते. हात असे अडकलेले, मग ही खेळेल कशाने?" लेकीच्या पायांबद्दल तोवर आम्हाला पुष्कळ जणांनी सांगितलं होतं. हातांबद्दल कुणीच बोललं नव्हतं.

दुसऱ्याच आठवड्यात आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविका, निरोप घेऊन आल्या की बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतंय. हा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा प्रत्येक अंगणवाडीत येणं अपेक्षित असतं. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर, या सगळ्यांची तपासणी फुकट होते आणि गरज असली तर पुढे पाठवतात. माझी लेक अंगणवाडीत जातच नव्हती, म्हणून त्या तपासणीतून ती सुटत होती. तुम्ही आधी तिचं नाव पटावर घेतलंत आणि मग तिला डॉक्टरांसमोर बसवलंत. तिथून चिठ्ठी मिळाली ती जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्राची.

नाशिकला जायचं म्हणजे दोघांचा रोज बुडतो. तुम्ही आणि आशाताईंनी फोनाफोनी करून फिजिओथेरपी, डोळ्यांची तपासणी आणि दिव्यांगत्वाच्या दाखल्याचं काम एकाच दिवशी बसवलंत. त्यामुळे आम्ही जाऊ शकलो. नाहीतर इतर कितीतरी घरांसारखं आमचंही "बघू पुढच्या महिन्यात" होत राहिलं असतं.

आता खुर्चीबद्दल लिहिते. ती गोष्ट मला सविस्तरच सांगायची आहे. फिजिओथेरपीच्या मॅडमनी केसपेपरच्या पाठीमागे चित्र काढून दिलं होतं. पाठीला दोन फळ्या काटकोनात जोडायच्या, म्हणजे खांदे पुढे येतात आणि पाठ सरळ राहते. बैठक कमरेपासून गुडघ्याच्या मागपर्यंत, त्याहून लांब नको. दोन गुडघ्यांच्या मध्ये कापडाने मढवलेला ठोकळा, कारण तिचे पाय एकमेकांवर चढतात. समोर ट्रे, त्याला पोटापाशी अर्धगोल काप. हे चित्र घेऊन तुम्ही गावातल्या सुतारकाकांकडे गेलात. त्यांनी लेकीला मांडीवर घेऊन टेपने माप घेतलं, जुन्या दाराच्या सागवानी फळ्या काढल्या, कडा घासून इतक्या गुळगुळीत केल्या की हात फिरवावासा वाटे. पट्टा दप्तराचा. पैसे द्यायला गेलो तर फक्त खिळ्यांचे आणि पॉलिशपेपरचे घेतले.

खुर्ची छान झाली. मला वाटलं, झालं काम. पण तुमचं समाधान झालं नव्हतं. पोरं सतरंजीवर आणि ही वर खुर्चीत, म्हणजे अंगणवाडीत येऊनही वेगळीच, असं तुमचं म्हणणं पडलं. तुम्ही मॅडमना फोन केलात, तशीच बैठक बिनपायांची चालेल का विचारलंत, आणि सुतारकाकांकडून थेट जमिनीवर ठेवायची दुसरी करून घेतलीत. खाण्यासाठी खुर्ची, गोलात बसायला ही बैठक. पहिल्यांदा त्या बैठकीत बसवलं तेव्हा लेकीने दोन्ही हात उचलले, शेजारच्या मुलाच्या पुढ्यातला रंगीत कागद ओढला आणि टराटरा फाडला. तो रडायला लागला. मी त्याची समजूत काढत होते आणि आतून मला नाचावंसं वाटत होतं.

मदतनीस मावशींचे आभार मला वेगळे मानायचे आहेत. खिचडी हाताने कुस्करून, लेकीची हनुवटी किंचित खाली ठेवून, एक घास गिळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, हे त्या एकदा बघून शिकल्या. पुढे चमच्याच्या दांडीला कापड गुंडाळून त्यांनी ती जाड केली आणि चमचा तिच्याच हातात दिला. खिचडी निम्मी सांडायची. झाडून कोण घ्यायचं? मावशीच. एकदाही त्या कुरकुरल्या नाहीत.

काही पालकांची कुरबुर तुमच्या अंगणवाडीतही झाली, मला माहीत आहे. "हा आजार आमच्या पोरांना लागेल का", "ताईंचं सगळं लक्ष तिच्याकडेच जाईल". तुम्ही कुणाशी वाद घातला नाहीत. पालक सभा तपासणी पथकाच्या दिवशीच ठेवलीत आणि डॉक्टरांनाच बोलायला लावलंत. हा संसर्ग नाही, जन्माच्या आसपास मेंदूला झालेली इजा आहे, ती एकाची दुसऱ्याला होत नाही, एवढं त्यांनी साध्या भाषेत सांगितलं. लक्ष देण्याच्या प्रश्नाला मात्र उत्तर तुम्हीच दिलंत, तेही खेळातून. "मामाचं पत्र हरवलं" खेळताना आमची लेक पळणार कशी? तुम्ही नियम काढलात की आजपासून सगळ्यांनी रांगतच पळायचं. पोरांना तो खेळ इतका आवडला की वस्तीवरही सगळी रांगतच खेळायला लागली आणि घरोघरी पँटींचे गुडघे फाटले. ज्या आईने सभेत आवाज चढवला होता, तिचाच मुलगा आता सकाळी आमच्या दारात येऊन "चल की लवकर" म्हणून ओरडतो.

रॅम्पचं श्रेय तुम्ही ग्रामपंचायतीला देता. द्यायलाच हवं. पण पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, हे ग्रामसभेत उभं राहून विचारलं कुणी? गावात दिव्यांग मूल आहे आणि अंगणवाडीला तीन पायऱ्या आहेत, एवढी दोनच वाक्यं तुम्ही बोललात. रॅम्प झाला, बाजूला धरायला पाइप लागला. आता त्याच रॅम्पवरून गरोदर बायका वजनाला येतात, आणि लसीकरणाच्या दिवशी आज्या नातवंडांना घेऊन चढतात.

ताई, एवढी वर्षं हे जवळून बघितल्यावर मला काय दिसलं ते सांगते. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची, तपासणी आरोग्य विभागाची, विशेष शिक्षिका शिक्षण विभागाच्या, रॅम्प ग्रामपंचायतीचा. प्रत्येकाकडे काही ना काही योजना आहे, माणूस आहे, थोडाफार पैसाही आहे. पण मूल एकच आहे आणि ते चार ठिकाणी विभागलेलं आहे. हे सगळे एका सतरंजीवर बसले ते तुम्ही बोलावलंत म्हणून. गटसाधन केंद्राच्या, म्हणजे शिक्षण विभागाच्या तालुक्याच्या केंद्राच्या, विशेष शिक्षिका जिल्हा परिषदेच्या शाळेत यायच्या. त्यांच्या फेरीत अंगणवाडी नव्हती. तुम्ही त्यांना चहाला म्हणून बोलावलंत आणि चित्रांचा तक्ता करून घेतलात. पाणी, शू, दुखतंय, अजून हवं, नको. लेकीचा शब्द अडला की ती चित्रावर बोट ठेवायची. पुढे बाईंच्या फेरीत अंगणवाडी आपोआप आली. आज पहिलीच्या वर्गशिक्षकांना तिची सगळी माहिती आधीच आहे, ती त्यांच्यामुळे.

कायद्याचंही लिहिते, कारण इतर पालकांना ते उपयोगी पडेल. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात एकवीस प्रकारची दिव्यांगत्वं धरली आहेत, आणि शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा असं त्यात म्हटलं आहे. पण लक्षणीय, म्हणजे किमान चाळीस टक्के, दिव्यांगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे तो सहा ते अठरा या वयात. शिक्षण हक्क कायद्यातही तीन ते सहा वयाची सोय सरकारने करावी अशी नुसती अपेक्षा आहे, सक्ती नाही. आणि हात कसे मोकळे करायचे, घास कसा गिळायचा, हवं ते कसं मागायचं, हे सगळं तर मूल त्याच वयात शिकतं! २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल काढला. लवकर ओळखा, सामावून घ्या, पुढे पाठवा असे टप्पे त्यात आहेत. चांगलंच आहे. पण ते राबवणारी तुमच्यासारखी सेविका मानधनावर काम करते, वजनं घेते, आहार वाटते, मोबाईलवर नोंदी भरते, वर निवडणुकीची कामं अंगावर घेते. तिच्या पदरात आणखी एक पुस्तिका टाकून हे होणार नाही. दर महिन्याला तालुक्याला या चारही खात्यांची माणसं एकत्र बसावीत, प्रत्येक दिव्यांग मुलाचं नाव घेऊन बोलावीत, आणि तिथे सेविकेला मान असावा. हे मी पंचायत समितीला लेखी दिलं आहे आणि पोच घेतली आहे.

तुम्ही मला एकदा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याबद्दल सांगितलं होतं. बोर्डीला १९४५ साली त्यांचं बालशिक्षणाचं काम सुरू झालं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि मुलं शाळेपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच पाड्यावर, घरांच्या अंगणात गेली. पावसाळ्यात आमच्या वाटेवर चिखल असायचा, लेकीला उचलून आणणं जमायचं नाही. तेव्हा तुम्ही चार पोरं घेऊन आमच्या ओट्यावर यायचात आणि तिथेच गाणी व्हायची. सासूबाई अजून ती गाणी म्हणतात.

पलीकडच्या मळ्यात ऊसतोडीवरून परतलेलं एक कुटुंब राहतं. त्यांचा मुलगा अडीच वर्षांचा आहे, मान अजून नीट धरत नाही. त्याच्या आईला घेऊन मी सोमवारी तुमच्याकडे येते. बैठक अंगणवाडीतच राहू द्या. सुतारकाकांशी बोलले आहे. डोक्याला दोन्ही बाजूंनी आधार लावता येईल म्हणाले, फक्त मॅडमकडून माप आणा.

तुमचे, मदतनीस मावशींचे, आशाताईंचे, सुतारकाकांचे, विशेष शिक्षिकांचे, पथकाच्या डॉक्टरांचे आणि नाशिकच्या फिजिओथेरपीच्या मॅडमचे मनापासून आभार.

तुमचीच,
अंगणवाडीतल्या एका मुलीची आई
तालुका सिन्नर, जिल्हा नाशिक