बगदादची गोष्ट प्राथमिक वर्गातही सांगावी

महोदय,

प्राथमिक शाळेत प्राचीन संस्कृतींची तोंडओळख करून देताना आपण मेसोपोटेमियापर्यंत जातो. परंतु त्याच तैग्रिस नदीच्या काठी खलिफा अल मन्सूर याने इ.स. 762 मध्ये वसवलेल्या गोलाकार बगदादविषयी मुलांच्या कानावर काहीच पडत नाही. इस्लामचा आरंभीचा काळ त्यांना भेटतो तो पुढच्या इयत्तांत, स्वाऱ्या आणि सनावळ्यांतून. खानदेशात अनेक गावांत मराठी व उर्दू शाळा हाकेच्या अंतरावर भरतात, त्यामुळे ही उणीव मला फार खटकते.

लहान मुलांना खिलाफतीचे राजकारण शिकवावे असे माझे म्हणणे नाही, आणि धर्मशिक्षणाचा तर प्रश्नच नाही. अंकांचा प्रवास मात्र सांगता येतो. ब्रह्मगुप्ताने 628 मध्ये शून्यासह आकडेमोडीचे नियम लिहिले. आठव्या शतकात भारतीय ज्योतिर्गणित बगदादला पोचून अरबीत उतरले. नवव्या शतकात बगदादच्या अल ख्वारिझ्मी या गणितज्ञाने भारतीय अंकांनी हिशेब कसा करावा यावर ग्रंथ लिहिला आणि त्याच्या लॅटिन भाषांतरातून युरोप ही रीत शिकला. पाचवीच्या वर्गात मी अठ्ठावीस गुणिले सत्तेचाळीस हे गणित रोमन अंकांत मांडायला सांगत असे. एका संख्येला सहा अक्षरे, दुसरीला पाच. एककाखाली काय लिहावे आणि हातचा कुठे धरावा हेच मुलांना उमगत नसे. स्थानिक किमतीचे मोल त्यांना तेव्हा खरे पटे, आणि ही रीत जगभर कोणी नेली हा प्रश्न ती आपणहून विचारत.

यात भारताचे श्रेय उणावते, अशी शंका काही पालक घेतात. उलट, ते लेखी नोंदीनिशी सिद्ध होते. त्याच बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक हा ख्रिस्ती वैद्य ग्रीक वैद्यकग्रंथ अरबीत आणत होता. पंचतंत्रातील करटक-दमनकाची कथाही पहलवी या जुन्या इराणी भाषेमार्गे आठव्या शतकातच अरबीत गेली. हेही मुलांना कळायला हवे.

चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याचा तेराव्या शतकारंभीचा शिलालेख आहे. तिथे सहली जातात, तेव्हा गणिताचा हा दूरचा प्रवासही सांगितला जावा. जळगाव, धुळे व नंदुरबार येथील जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी मराठी आणि उर्दू शाळांतील शिक्षकांना एकत्र बसवून यावर दोन-तीन पाठ तयार करून घ्यावेत आणि केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत ते प्रत्यक्ष घेऊन दाखवावेत, अशी माझी विनंती आहे.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, चाळीसगाव