जपान पाहावा तो भट्ट्यांच्या गावांतूनही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जपानच्या सहलींवर येणारे लेख मी आवडीने वाचतो; परंतु टोकियो, फुजी, क्योटो, ओसाका या ठरलेल्या वाटेपलीकडे ते क्वचितच जातात. तेथील कुंभारकाम आणि चिनीमातीची भांडी पाहण्यासाठी जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांना उपयोग व्हावा, म्हणून हे पत्र.

अशा सहलीची आखणी करताना सेतो, तोकोनामे, एचिझेन, शिगाराकी, तांबा आणि बिझेन या ‘सहा प्राचीन भट्ट्या’, म्हणजे कुंभारकामाची जुनी केंद्रे, एका दमात उरकण्याचा मोह होतो. त्यात बराचसा वेळ गाड्या बदलण्यात जातो आणि उरलेला दुकानांत. त्यापेक्षा स्वभावाने अगदी परस्परविरुद्ध अशी दोनच गावे निवडून तेथे मुक्काम करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. बिझेन आणि आरिता ही ती जोडी. ओसाकाहून पश्चिमेकडे जाणाऱ्या शिनकानसेन या अतिवेगवान रेल्वेच्या मार्गावर दोन्हींची सोय होते: ओकायामाला उतरून साध्या गाडीने सुमारे चाळीस मिनिटांत बिझेनचे इम्बे हे गाव गाठता येते, तर फुकुओका शहरातील हाकाता स्थानकाहून एक्स्प्रेसने सुमारे दीड तासात आरिता.

बिझेनच्या भांड्यांना झिलई, म्हणजे काचेसारखा लेप, देत नाहीत. लाल पाइनच्या लाकडांवर भट्टी दहा-बारा दिवस सतत पेटती ठेवतात आणि जो काही रंग उमटतो तो माती, राख आणि ज्वाळा यांच्या संयोगातून. उडालेली राख भांड्याच्या खांद्यावर वितळून तीळ पेरल्यासारखे ठिपके उठतात. भाताचा पेंढा गुंडाळलेल्या जागी तांबडे-केशरी पट्टे उरतात. मात्र भट्टी वर्षातून एखाद-दोन वेळाच पेटवणारे कारागीर बरेच असल्याने, जाऊ तेव्हा आग पाहायला मिळेलच अशी अपेक्षा ठेवू नये. कार्यशाळा बहुधा घरालाच लागून असते, त्यामुळे आधी विचारल्याशिवाय आत शिरणेही बरे नव्हे.

आरिताची कथा वेगळी, आणि तितकी सुखाची नाही. १५९२ ते १५९८ या काळात कोरियावर झालेल्या स्वाऱ्यांत जपानी सरदारांनी तेथील कुंभार धरून आणले. त्यांपैकी यी साम-प्योंग याला १६१६च्या सुमारास इझुमियामा येथे चिनीमातीचा दगड सापडला आणि जपानमधील पोर्सेलिनची सुरुवात झाली, असे परंपरा सांगते. पुढे हीच भांडी इमारी बंदरातून बाहेर पडून डच व्यापाऱ्यांमार्फत युरोपच्या राजवाड्यांत पोहोचली. एखादा वाटाड्या केवळ सोनेरी-लाल ताटल्या दाखवून हा इतिहास गाळत असेल, तर तो आरिता अर्धेच दाखवतो. गावातल्या मागच्या गल्ल्यांत जुन्या भट्ट्यांच्या जळक्या विटा तांबड्या मातीत बसवून उभारलेल्या भिंती आहेत. काही विटांवर वितळून थिजलेला काचेसारखा थर आजही दिसतो. क्यूशू सिरॅमिक संग्रहालयासाठी अर्धा दिवस तरी राखून ठेवावा. संग्रहालये सहसा सोमवारी बंद असतात, हेही वेळापत्रक करताना पाहावे.

वेळेचा विचार आपल्याकडच्या शाळांच्या सुट्ट्या पाहून होतो, आणि नेमकी तेथेच अडचण येते. आरिताची मोठी जत्रा २९ एप्रिल ते ५ मे या काळात, म्हणजे जपानच्या ‘गोल्डन वीक’च्या सुट्टीत भरते. जत्रा हवी असेल तर निवासाची सोय काही महिने आधी करावी. कारागिरांशी निवांत बोलायचे असेल तर दिवाळीच्या सुट्टीचे दिवस निश्चितच बरे. ऑक्टोबर २०२३ पासून सात दिवसांचा देशव्यापी रेल्वे पास २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेल्यामुळे, इतक्या मर्यादित प्रवासासाठी सुटी तिकिटे किंवा प्रादेशिक पास यांचा हिशेब आधी मांडावा.

खरेदीत घासाघीस करू नये. चहाचा वाडगा हाताळण्यापूर्वी दुकानदाराची परवानगी घ्यावी, बोटांतल्या अंगठ्या काढाव्यात आणि तो मेजापासून फार उंच न उचलता दोन्ही हातांनी धरावा.

आपल्या पुरवणीने या मार्गावर एखादा सविस्तर लेख द्यावा आणि सहल कंपन्यांनी क्योटो-ओसाकाच्या कार्यक्रमाला जोडून इम्बेचा एक दिवस तरी ऐच्छिक म्हणून ठेवावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे