नाफ्प्लिओच्या बाईंना आभाराचे पत्र

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

ग्रीसमधील नाफ्प्लिओ येथे आपण माझ्या वडिलांसाठी जो वेळ दिलात, त्याबद्दल हे जाहीर पत्र लिहून आपले मनःपूर्वक आभार मानतो. गुडघ्यांमुळे पालामिदी किल्ल्याच्या शेकडो पायऱ्या चढणे त्यांना शक्य नव्हते आणि खालूनच तटबंदी पाहून परतायचे आम्ही ठरवले होते. परंतु पूर्वेच्या दरवाजापर्यंत गाडीरस्ता जातो हे आपण सांगितलेत आणि आपल्याच गाडीतून आम्हांला वर नेलेत. व्हेनिसच्या लोकांनी १७११ ते १७१४ या काळात बांधलेला हा बेलाग किल्ला १७१५ मध्येच ऑटोमन सैन्याने घेतला, ही हकिकत आपण बुरुजावर उभ्या राहून सांगितलीत. खाली बंदरातला बुर्ड्झीचा छोटा जलदुर्ग दिसत होता, आणि आधुनिक ग्रीसचे पहिले राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास यांची १८३१ मध्ये ज्या चर्चच्या दाराशी हत्या झाली, ते कुठल्या गल्लीत आहे हेही आपण तिथूनच दाखवलेत.

तरीही आमच्यावरचे सर्वांत मोठे ऋण काझार्माच्या पुलाचे आहे. वडील सार्वजनिक बांधकाम विभागात होते आणि त्यांची उमर रस्ते व मोऱ्या बांधण्यात गेली, एवढे बोलता बोलता कानी पडताच आपण एपिदाव्ह्रोसच्या रस्त्यावर मुद्दाम गाडी थांबवलीत. इसवीसनापूर्वी तेराव्या शतकाच्या सुमारास, मायसिनी या प्राचीन ग्रीक संस्कृतीच्या काळात, रथांच्या वाटेसाठी उभारलेला तो पूल चुन्याशिवाय, नुसते ओबडधोबड प्रचंड दगड एकमेकांवर रचून केलेला आहे. दोन्ही बाजूंचे थर वर जाताना थोडेथोडे पुढे येत माथ्याशी मिळतात आणि वरचा भारच त्यांना जागेवर धरून ठेवतो. वडील त्या दगडांवर हात ठेवून बराच वेळ उभे होते आणि आपण जराही घाई केली नाहीत. प्रवासवर्णनांत मायसिनी नगराच्या सिंहद्वारावर पानेच्या पाने असतात. या पुलाला दोन ओळीही क्वचित मिळतात, हे मला अन्यायाचे वाटते.

वडिलांनी घरी येऊन आठवणीतून पुलाचे रेखाचित्र काढले असून ते आपल्याला टपालाने पाठवले आहे. आपल्या जुन्या शाळेतील मुलांना ते उपयोगी पडले, तर वडिलांना फार समाधान वाटेल.

आपला कृतज्ञ,
नाफ्प्लिओला येऊन गेलेला एक मराठी प्रवासी